‘माझा विरोध इतिवृत्तात नोंदवा’

आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेची नोटीस सकाळी दहाची असते आणि सभा साडेदहाला सुरू होते. दहा वाजता गणपूर्ती नसते, म्हणून सचिव सभा अर्धा तास तहकूब करतात आणि त्याच जागी, त्याच विषयपत्रिकेवर पुन्हा भरवतात. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. हे सगळ्यांना पाठ असल्यामुळे मंडळी साडेदहालाच, चहा येण्याच्या बेताने, खाली उतरतात.

मागच्या वर्षी विषय होता गच्चीवर सोलर बसवण्याचा. सी विंगमधले एक काका ठाम विरोधात. गच्ची गळेल, खर्च निघणार नाही, कंत्राटदार नंतर फोन उचलणार नाही, अशी तीन कारणं ते कागदावर लिहून घेऊन आले होते. तासभर वाद झाला, आवाज चढले, जुनी पार्किंगची भांडणंही मध्येच निघाली. शेवटी हात वर करून मोजणी झाली: ३१ विरुद्ध १९. काका उठले आणि म्हणाले, “ठीक आहे. माझा विरोध इतिवृत्तात नोंदवा.” मग खाली बसून त्यांनी चहाचा कप पुढे केला. पंधरा दिवसांनी कंत्राटदाराची माणसं आली, तेव्हा गच्चीत टेप धरून उभे होते ते हेच काका. ड्रिल कुठे मारायचं नाही ते दाखवत होते.

हा प्रसंग मला पुन्हा आठवला तो महापालिकेच्या निवडणुकीत. पुण्यात फेब्रुवारी २०१७ मध्ये मतदान झालं, मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि नंतरची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधल्या काळात कारभार प्रशासकाकडे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन मतं होती. एक, ‘निवडणूक नाही म्हणजे लोकशाहीच नाही’. दुसरं, ‘नगरसेवक नव्हते म्हणून काय बिघडलं? कचरागाडी तर रोज येत होती.’ दोन्ही मतांमागे एकच समजूत आहे. लोकशाही म्हणजे निवडणूक, म्हणजे एक यंत्र. चालू असलं की आहे, बंद पडलं की नाही. ही समजूत अर्धीच खरी आहे. उरलेला अर्धा भाग काय आहे ते सांगायचा हा प्रयत्न.

मग लोकशाही म्हणजे मतदान नव्हे?

मतदान हवंच, त्यात वाद नाही. पण मतदानाच्या दुसऱ्या दिवशी काय होतं ते पाहा. हरलेला गप्प घरी का जातो? त्याच्याकडे माणसं असतात, पैसा असतो, रागही असतो. आणि जिंकलेला माणूस हरलेल्याला तुरुंगात का टाकत नाही? कायदा आहे म्हणून, हे उत्तर पुरत नाही, कारण कायदा राबवणारीही माणसंच. दोघांच्या डोक्यात आधीच काही गोष्टी पक्क्या असाव्या लागतात. आज मी हरलो, पण पुन्हा संधी आहे. आज मी जिंकलो, पण ही खुर्ची माझ्या वडिलांची नाही. समोरचा चुकत असेल, तरी तो याच घरातला आहे.

अशा सामायिक कल्पना आणि सवयी जेव्हा एका समाजात पिढ्यान्‌पिढ्या मुरतात, तेव्हा त्यांना लोकशाही संस्कृती म्हणायचं. ‘संस्कृती’ म्हटलं की आपल्याला नऊवारी आणि ढोल-ताशा आठवतो, म्हणून सोपं उदाहरण घेऊ: विरजण. दूध कितीही चांगलं आणा, भांडं कितीही लखलखीत घासा, विरजण लावलं नाही तर सकाळी दही मिळत नाही, फार तर नासलेलं दूध मिळतं. आणि ते विरजण कालच्या दह्यातलंच लागतं.

राज्यघटना हे दूध समजा. जर्मनीने १९१९ मध्ये वायमार शहरात तयार केलेली घटना त्या काळातल्या उत्तम घटनांपैकी एक होती. स्त्रियांना मत होतं, नागरिकांच्या हक्कांची लांबलचक यादी होती. १९३३ मध्ये हिटलर चॅन्सेलर झाला आणि काही महिन्यांत त्या घटनेत काही अर्थ उरला नाही, तिचा कागद मात्र रद्दही झाला नव्हता. उलट ब्रिटनकडे आजही एका पुस्तकात बांधलेली लिखित घटना नाही, तरी तिथली लोकशाही टिकून आहे.

विरोधक म्हणजे शत्रू नव्हे, हे सुचायलाच फार वेळ लागला

लोकशाहीच्या गोष्टीत अथेन्स येतंच. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात तिथे नागरिक स्वतः सभेत बसून निर्णय घेत. (गणपूर्तीची रड तेव्हाही होती. लोक बाजारात गप्पा मारत बसले की लाल रंगात बुडवलेला दोर घेऊन त्यांना सभेकडे हाकलत.) स्त्रिया, गुलाम आणि बाहेरून येऊन राहिलेले लोक नागरिकांत धरलेच नव्हते, हे तर आहेच. पण मला जास्त लक्षात राहिली ती खापरीची पद्धत. एखादा पुढारी डोईजड झाला असं वाटलं, तर लोक मडक्याच्या खापरीवर त्याचं नाव लिहून टाकत, आणि तो दहा वर्षांसाठी शहराबाहेर. गुन्हा सिद्ध करावा लागत नसे. म्हणजे मत मोजता येत होतं, पण प्रबळ विरोधकाला गावातच ठेवून त्याच्याशी भांडत राहण्याची युक्ती अजून सापडली नव्हती.

ती सापडायला दोन हजार वर्षांहून जास्त लागली. १८०० ची निवडणूक अमेरिकेचे अध्यक्ष जॉन ॲडम्स हरले आणि १८०१ मध्ये विजेते जेफरसन यांच्या शपथविधीच्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास राजधानी सोडून निघून गेले. समारंभाला थांबले नाहीत. रुसून गेले, पण गेले! एका गटाकडून दुसऱ्या विरोधी गटाकडे त्या देशाची सत्ता अशी पहिल्यांदाच गेली. ब्रिटनच्या संसदेत १८२६ मध्ये हॉबहाउस नावाच्या सदस्याने ‘राजेसाहेबांचा विरोधी पक्ष’ असे शब्द वापरले, तेव्हा सभागृह हसलं. राजाचा विरोध करणारे राजाचेच कसे, हाच तर विनोद होता. पुढे तो विनोद रूढ झाला आणि विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून पगार देण्यापर्यंत मजल गेली.

एकेक कल्पना अशी जमत गेली: हिशेब दिला पाहिजे, प्रतिनिधी पाठवता येतो, बाई हीसुद्धा नागरिक आहे. ही शेवटची गोष्ट न्यूझीलंडला १८९३ मध्ये पटली आणि स्वित्झर्लंडला, राष्ट्रीय निवडणुकांपुरती, १९७१ मध्ये. तोवर भारतात एक स्त्री पंतप्रधान होऊन पाच वर्षं झाली होती.

म्हणजे हे सगळं परदेशीच की!

हा आक्षेप घटना समितीतही आला होता. के. हनुमंतय्या या सदस्याची तक्रार होती की आपल्याला वीणा-सतारीचे सूर हवे होते, मिळाला इंग्रजी बँड. दुसऱ्या टोकाला ‘आमच्याकडे हे हजारो वर्षांपासून आहे’ म्हणणारेही असतात, आणि पुण्यात ते जरा जास्तच भेटतात.

पुरावे खरेच आहेत. बौद्ध भिक्षुसंघात शलाका, म्हणजे काड्या, वाटून मतं घेत. तमिळनाडूत उत्तरमेरूरच्या देवळावर दहाव्या शतकातला चोळ काळातला शिलालेख आहे. गावच्या समित्या घागरीत चिठ्ठ्या टाकून कशा निवडायच्या, त्याचे नियम त्यात कोरले आहेत. ज्याने मागच्या वेळचा हिशेब दिला नाही तो अपात्र, आणि त्याचे नातेवाईकही अपात्र. (हे कलम आज आणायचं ठरलं तर उमेदवार शोधावे लागतील.) आपल्याकडे गोतसभेपुढे, म्हणजे गावकऱ्यांच्या आणि वतनदारांच्या सभेपुढे, वतनाचे तंटे चालत आणि निवाड्याचा कागद होई, तो महजर. त्यावर अक्षर न येणारेही साक्ष घालत. पाटलाची निशाणी नांगर. बलुतेदार आपापल्या धंद्याचं हत्यार काढत. अशा एखाद्या कागदाचं छायाचित्र पाहिलं तर खाली चिमुकली अवजारं ओळीने मांडल्यासारखी दिसतात.

पण उत्तरमेरूरला चिठ्ठीत नाव यायला जमीन आणि वेदाध्ययन लागे. गोतसभेत बसण्याचा मान वतनावर आणि जातीवर ठरे. चर्चा होती, हिशेब होता, सह्या होत्या. सगळे सारखे ही कल्पना नव्हती. उसनं की घरचं हा वाद म्हणूनच मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. मिरची पोर्तुगिजांनी आणली म्हणून ठेचा परका होत नाही.

पन्नास सह्यांचा कागद आणि एक हट्टी सभासद

पुण्यात हे विरजण लागताना पाहायचं तर १८७० मध्ये जावं लागतं. भांडण होतं पर्वती देवस्थानच्या कारभारावरून. पंचांचा व्यवहार लोकांना पटेना, तक्रार करायची तर सरकारला विचारता येईल असा प्रश्न होता, ‘तुम्ही कोण? कोणाच्या वतीने बोलता?’ त्यातून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी तिच्यात इतके गुंतले की लोक त्यांना ‘सार्वजनिक काका’च म्हणू लागले.

सभेचा नियम साधा होता. सभासद व्हायचं तर किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणायचा. मुखत्यारनामा हा तेव्हा रोजच्या कोर्टकचेरीतला शब्द. जमिनीच्या खटल्यात माझ्या वतीने अमुक बोलेल, असा कागद. सभेने तो उचलून राजकारणात आणला. सुरुवातीच्या ९५ सभासदांमागे सुमारे सहा हजार माणसांच्या सह्या होत्या. त्या काळात ना निवडून आलेलं विधिमंडळ होतं, ना मतदारयादी. तरी ‘मी बोलतो तो माझ्या एकट्याचा आवाज नाही, आणि त्याचा कागद माझ्याकडे आहे’ ही कल्पना शहरात रुजू लागली.

लगेच पुढचा प्रश्न आला, आणि तो विचारला जोतीराव फुल्यांनी. सह्या कोणाच्या आहेत? शेतकरी, माळी, महार, मांग यात कुठे आहेत? भिडेवाड्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा काढणाऱ्या माणसाने हे विचारणं ओघाचंच होतं. २४ सप्टेंबर १८७३ रोजी त्यांनी पुण्यातच सत्यशोधक समाज स्थापन केला. ज्या देशात बहुसंख्य लोकांना अक्षरही कळू दिलेलं नाही, तिथे ‘आम्ही सगळे एक राष्ट्र’ म्हणण्यात अर्थ नाही, आधी एकमय लोक व्हायला हवेत, असं त्यांचं म्हणणं.

फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेत सरकारनियुक्त सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन १८८० मध्ये येणार, म्हणून शहर सजवायला हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला. सभागृहात बत्तीस जण. ते पैसे शिक्षणावर खर्चा, असं फुल्यांचं म्हणणं होतं. विरोधात मत पडलं एक. ठराव अर्थातच मंजूर झाला. त्या एका मताने काय साधलं, असं कोणी विचारलं तर मी एवढंच म्हणेन की बाकीच्या एकतीस जणांपैकी एकाचंही नाव मला सांगता येत नाही.

याच माणसाचं न्यायमूर्ती रानड्यांशी नातं पाहण्यासारखं आहे. १८७५ मध्ये रानडे मंडळींनी दयानंद सरस्वतींना पुण्यात बोलावलं. त्यांची मिरवणूक निघणार होती आणि सनातनी लोक दंगा करणार हे दिसत होतं. दयानंदांचे वेद फुल्यांना मान्य नव्हते. तरी ते आपली माणसं घेऊन मिरवणुकीच्या संरक्षणाला उभे राहिले. दहा वर्षांनी, १८८५ मध्ये, रानड्यांनी त्यांना पुण्यातल्या ग्रंथकार सभेचं निमंत्रण दिलं. तेव्हा फुल्यांनी पत्र लिहून साफ नकार कळवला: जे सर्व माणसांना माणुसकीचे हक्क द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभांशी आमचा मेळ बसत नाही. ज्याचं पटत नाही त्याच्या बोलण्याच्या हक्कासाठी रस्त्यावर उभं राहायचं, आणि ज्याच्यासोबत उभं राहिलो त्यालाही तोंडावर नाही म्हणायचं. दोन्ही कामं एकाच माणसाने केली.

हरलेल्या माणसाचं भाषण

२२ डिसेंबर १९५२. पुणे डिस्ट्रिक्ट लॉ लायब्ररीच्या सभासदांसमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं व्याख्यान. विषय, लोकशाही यशस्वी व्हायला काय काय लागतं.

तारीख नीट पाहा. त्याच वर्षाच्या सुरुवातीला, देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, मुंबईतून आंबेडकर पडले होते. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष, आणि त्याच घटनेखाली झालेल्या निवडणुकीत नारायण काजरोळकरांकडून पराभूत. निकालाबद्दल त्यांची तक्रार होती, ती त्यांनी कायद्याच्या वाटेने मांडली. आणि वर्षाअखेर पुण्यात येऊन वकिलांना सांगत होते की विरोधी पक्ष हवाच.

त्यांनी लोकशाहीची व्याख्या केली ती मतपेटीवरून नव्हे. लोकांच्या आर्थिक आणि सामाजिक जीवनात क्रांतिकारक बदल रक्तपाताशिवाय घडवून आणणारी राज्यपद्धती, ती लोकशाही. मग अटी सांगितल्या. समाजात ढळढळीत विषमता नको, विरोधी पक्ष हवा, कायद्यापुढे आणि कारभारातही समान वागणूक हवी, बहुसंख्याकांनी अल्पसंख्याकांवर जुलूम करता कामा नये, आणि समाजाला सदसद्विवेक हवा. म्हणजे अन्याय माझ्यावर झालेला नसला तरी तो मला टोचला पाहिजे.

यातली एक अट जरा उलगडायला हवी: घटनात्मक नीतिमत्ता. घटनेची कलमं हा नुसता सांगाडा, मांस असतं ते लिहून न ठेवलेल्या संकेतांत, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. त्यांनी उदाहरण दिलं जॉर्ज वॉशिंग्टनचं. लोक देवासारखं मानत होते, पुन्हा उभे राहा म्हणत होते. पण आपण वंशपरंपरागत राजा नको म्हणून ही घटना केली, मग मलाच राजा का करता, अशी त्याची भूमिका. तिसऱ्यांदा तो उभा राहिला नाही. तेव्हा कुठल्याही कलमाने त्याला अडवलेलं नव्हतं.

याच आंबेडकरांनी तीन वर्षं आधी, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतल्या समारोपाच्या भाषणात, आपल्याला सतत छळणाऱ्या सदस्यांची नावं घेऊन आभार मानले होते. कामत, पंजाबराव देशमुख, के. टी. शहा, कुंझरू आणि आणखी काही. सगळ्यांनी पक्षशिस्तीपुढे मान तुकवली असती तर कामकाज नीरस झालं असतं, हे बंडखोर होते म्हणून मला घटनेमागची तत्त्वं मांडायची संधी मिळाली, असं ते म्हणाले. एकूण २,४७३ दुरुस्त्या सभागृहात मांडल्या गेल्या होत्या. नामंजूर झालेल्यासुद्धा कामकाजाच्या छापील खंडांत आज वाचता येतात.

पण लोकांना कळतं का?

‘शिकलेल्यांनाच मत द्या’ हे वाक्य पुण्यात कुठल्याही कट्ट्यावर ऐकू येतं. पहिल्या निवडणुकीच्या वेळी साधारण १७ कोटी मतदार होते आणि बहुतेकांना वाचता येत नव्हतं. म्हणून चिन्हं आली. यादी करताना सुमारे २८ लाख स्त्रियांनी आपलं नाव सांगायला नकार दिला. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत म्हणून ती नावं वगळायला लावली. कठोर वाटतं, पण त्यामागचा विचार पाहा: मत बाईचं आहे, तर नाव तिचंच हवं. दहीहंडीसारखे मनोरे रचून वर पोचायचं आणि मग हंडी फोडायची, असं इथे झालं नाही. हंडी आधी हातात दिली आणि मनोरे नंतर रचले. लोक मत देता देताच मतदार झाले.

एखादा खमक्या माणूस बरा नाही का?

सिग्नल तोडणारे पाहिले की मलाही क्षणभर तसं वाटतं. आणीबाणीतही गाड्या वेळेवर धावत होत्या, ही आठवण घरोघरी सांगतात. त्याच १९७५ मध्ये येरवड्याचा तुरुंग राजकीय कैद्यांनी भरला होता आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला होता. गाडी उशिरा आली तर छापता आलं असतं का, हा प्रश्न त्या आठवणीत कुणी विचारत नाही. कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत उघड बोलल्या आणि पुढच्या वर्षी तुरुंगात गेल्या. १९७७ मध्ये इंदिरा गांधी हरल्या, आणि त्यांनीही राजीनामा दिला. विरजण तळाशी थोडं शिल्लक होतं म्हणायचं.

खमक्या माणूस चांगला निघेलही. तो चुकला तर विरोध कुठे नोंदवायचा, एवढंच आधी विचारून ठेवावं.

यंदाची सभा

यंदाही सभा साडेदहाला सुरू झाली. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. हा विषय कोणी ऐकत नाही. सचिव भरभर वाचतात, लोक मोबाइल पाहतात. “...सोलर प्रकल्पास ३१ विरुद्ध १९ मतांनी मंजुरी देण्यात आली. सी विंगमधील एका सभासदांनी किरकोळ विरोध नोंदवला...”

काका उभे राहिले. “‘किरकोळ’ हा शब्द मी वापरला नव्हता.”

सचिवांनी चष्म्यावरून पाहिलं. कुणीतरी मागून “सोडा हो काका” म्हणालं. काकांनी सोडलं नाही. सचिवांनी पेन काढलं, तो शब्द खोडला, बाजूला सही केली आणि तिन्ही कारणं मोठ्याने विचारून समासात लिहून घेतली. त्यात दोनेक मिनिटं गेली.

गच्ची एका कोपऱ्यात गळते आहे. तो विषय आयत्या वेळच्या विषयांत आला.